पायावरचं जाळं

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. वंदना संपली, लोक घरी निघाले, मी विहाराच्या ओट्यावर बसले होते. वस्तीतली एक सून जवळ आली. "जयभीम ताई. जरा आत येता का? पाय दाखवायचाय."

आत गेल्यावर तिने साडी गुडघ्याच्या वर घेतली. पोटरीपासून मांडीपर्यंत जांभळट-काळपट रेघांचं जाळं पसरलेलं होतं. मासे धरायच्या जाळ्यासारखं, पण जागोजागी तुटलेलं. घोट्याजवळ रुपयाएवढी जखम, तीन महिने झाले तरी भरत नव्हती. "मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, ती लावते. सासूबाई म्हनतात, चुलीपुढं बसून बसून झालंय." मग खाली मान घालून हळूच म्हणाली, "तीनदा दिवस गेले ताई. एकदाबी राहिलं नाही."

मी आणखी विचारलं तेव्हा चौथी गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या वेळी गरोदरपणात एका दवाखान्यात रक्त तपासलं होतं. त्यात ‘गुप्तरोगाचं निघालं’ असं सांगितलं. तेव्हापासून नवरा नीट बोलत नव्हता आणि सासू ताट वेगळं ठेवत होती.

जाळं, जखम, पोट न राहणं आणि तो रिपोर्ट. घरच्यांना ही चार वेगवेगळी दुखणी वाटत होती. चुलीचं एक, नशिबाचं एक, चारित्र्याचं एक. मला मात्र चारही एकाच घरातली वाटली. ती तशी का वाटली, हे सांगण्यासाठी आजचं हे पान. (ही गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

कातडीखालची नळयोजना

आपल्या शहराला पाणी येतं जायकवाडीहून. तिथून मोठी लाईन, मग टाकी, मग वॉर्डाची लाईन, मग गल्लीतला पाईप आणि शेवटी आपला नळ. नळाला पाणी आलं नाही की आपण पहिला प्रश्न विचारतो, "कुठं अडलंय?" पूर्ण वॉर्डात नाही की फक्त आपल्या गल्लीत? पाईपात गाळ बसलाय की पाईपच चेपलाय? उत्तर कळल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. गाळ बसलेल्या पाईपाला बाहेरून रंग लावून काय उपयोग?

कातडीचंही तसंच आहे. खालच्या थरातून बारीक धमन्या सरळ वर येतात. प्रत्येक धमनी कातडीच्या एका लहान गोल तुकड्याला रक्त पुरवते. दोन गोल जिथे एकमेकांना भिडतात, त्या कडेला रक्त मुळातच संथ असतं. पुरवठा कमी पडला की सगळ्यात आधी ही कड जांभळी दिसते आणि गोलांच्या कडा मिळून जाळं तयार होतं. पुरवठा पूर्ण थांबला की तो तुकडा मरतो. आधी जांभळा, मग काळा, मग जखम.

हे जाळं तीन प्रकारे होऊ शकतं.

पहिला प्रकार: पाईप थोडा वेळ आकसतो. थंडीत लहान मुलांच्या किंवा सडपातळ बायांच्या मांड्यांवर असं जाळं दिसतं. ते सगळीकडे सारखं, न तुटलेलं असतं आणि पांघरूण घेतलं की जातं. याची सहसा काळजी नको. डॉक्टर याला ‘लिव्हेडो रेटिक्युलॅरिस’ म्हणतात.

दुसरा प्रकार: पाईपाची भिंतच सुजते. हा ‘व्हॅस्क्युलायटिस’. यात बहुतेक वेळा पायांवर बारीक, लालसर-जांभळे, बोटाला उंच लागणारे ठिपके येतात.

तिसरा प्रकार: पाईपाच्या आत बूच बसतं. यात जाळं तुटक असतं, ऊब दिली तरी जात नाही. त्याला ‘लिव्हेडो रेसिमोसा’ म्हणतात. कधी झाडाच्या फांद्यांसारखे, कोनाकोनाचे जांभळे डाग येतात, मधोमध काळे पडतात आणि फार दुखतात. त्याला ‘रेटिफॉर्म परप्युरा’ म्हणतात. नावं पाठ नाही केली तरी चालतील. "तुटक जाळं, फांद्यांसारखा डाग, मध्ये काळा, दुखतो" एवढं मात्र लक्षात ठेवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात गल्लत झाली की रोग्याचं नुकसान होतं. भिंत सुजली असेल तर अनेकदा स्टिरॉइड द्यावं लागतं. पण आत गुठळीचं बूच असेल तर एकट्या स्टिरॉइडने ते निघत नाही. बूच जंतूंचं असेल तर स्टिरॉइडने जंतूंचं फावतं.

चुलीबद्दल सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या, हेही सांगते. चूल, शेगडी किंवा गरम पाण्याची पिशवी रोज एकाच जागी लागली तर तिथे तपकिरी जाळं उमटतं. पण ते फक्त शेक लागलेल्या जागीच असतं, सहसा दुखत नाही आणि त्यात काळी जखम पडत नाही. हिच्या मांडीच्या मागच्या बाजूलाही जाळं होतं. तिथे चुलीचा शेक कुठून लागणार?

आपल्या कातडीवर कसं ओळखायचं?

आम्ही नर्सिंगला शिकलो तेव्हा पुस्तकातली बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीची होती. त्यात लाल म्हणजे लालभडक आणि जांभळं म्हणजे वांग्यासारखं दिसायचं. सावळ्या आणि काळ्या कातडीवर लाल रंग लाल दिसत नाही. जांभळा रंग काळपट, राखाडी किंवा नुसता ‘मळकट’ दिसतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मजुराच्या पायावरचे असे डाग मी केसपेपरवर ‘जुने डाग’ म्हणून लिहिले होते. दोन दिवसांनी ते काळे पडले. ती चूक माझी होती आणि ती मी अजून विसरलेले नाही. म्हणून आता वस्तीत पाय बघताना मी या गोष्टी करते.

उजेडात बघते. ट्यूबलाईटखाली नाही, दारात, दिवसाच्या उजेडात. दोन्ही पाय शेजारी ठेवून.

तळवे, तळहात, नखांखालची जागा, ओठांच्या आतली बाजू आणि डोळ्याची खालची पापणी बघते. तिथे आपला सगळ्यांचा रंग फिका असतो, त्यामुळे लपलेलं जांभळेपण दिसतं.

स्वच्छ काचेचा ग्लास डागावर हलकेच दाबते. काचेतून बघताना रंग गेला तर रक्त अजून नळीत आहे. रंग तसाच राहिला तर रक्त नळीबाहेर कातडीत झिरपलं आहे. ही घरी करता येणारी तपासणी आहे, पण गडद कातडीवर ती फसू शकते. म्हणून फक्त तिच्यावर विसंबत नाही.

बोटाने हात फिरवते. डाग उंच लागतो की सपाट? बोटं थंड आहेत की गरम? पावलाच्या वरची नाडी लागते का?

आणि विचारते: कधीपासून? थंडीत वाढतं का? ताप आहे का? नवीन गोळी किंवा इंजेक्शन सुरू झालं का? पोट किती वेळा राहिलं, किती वेळा गेलं? घरात कोणाला सिकलसेल आहे का? हे प्रश्न पायाशी संबंधित वाटत नाहीत, पण अर्धं निदान त्यांच्यातच असतं.

बूच कशाचं?

‘रक्तवाहिनी बंद पडली’ एवढ्यावर डॉक्टर थांबत नाहीत. बूच कशाचं, यावरून ते प्रकार पाडतात, कारण औषध त्यावरच ठरतं. ढोबळ मानाने सहा प्रकार सांगते.

१. प्लेटलेटचं बूच. रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी म्हणजे प्लेटलेट. त्या फार वाढल्या तर पायाची बोटं लाल होऊन आग आग होते. एक चमत्कारिक प्रकार हेपॅरिन या इंजेक्शनचा आहे. ते रक्त पातळ करायला देतात, पण थोड्या रोग्यांमध्ये सुरू केल्यापासून साधारण ५ ते १० दिवसांत उलटंच होतं. प्लेटलेट कमी होतात आणि गुठळ्या वाढतात. म्हणून हेपॅरिन चालू असताना प्लेटलेटची संख्या तपासत राहावी लागते.

२. थंडीने घट्ट होणारी प्रथिनं. काहींच्या रक्तात अशी प्रथिनं असतात की गार पडलं की ती तुपासारखी थिजतात. त्यामुळे नाक, कान आणि बोटं आधी जांभळी होतात. यांना ‘क्रायोग्लोब्युलिन’ म्हणतात. मागे हिपॅटायटिस सी किंवा रक्ताचा काही आजार असू शकतो.

३. जंतूंचं बूच. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनानंतर आलेली काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, आपल्या शहराने पाहिली. तेव्हाच्या औरंगाबादेत कित्येक कुटुंबं इंजेक्शनसाठी वणवण फिरली. ती बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिनीत घुसते, तिथे गुठळी होते आणि पुरवठा तुटलेला भाग मरून काळा पडतो. वाढलेली साखर आणि बेसुमार स्टिरॉइड यांनी तिला वाट करून दिली. तीच गोष्ट कातडीतही होऊ शकते. मधुमेह असलेल्या किंवा फार अशक्त रोग्याच्या कातडीवर काळा डाग झपाट्याने वाढत असेल तर तासांचा हिशोब करायचा, दिवसांचा नाही.

४. दुसरीकडून वाहत आलेलं बूच. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले की त्यांचे तुकडे रक्तातून वाहत बोटांपर्यंत येतात. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप खराब झालेले रोगी आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांना बरेच दिवस ताप आणि बोटांवर डाग असतील तर हे लक्षात घ्यावं. वयस्कर माणसात अँजिओग्राफीनंतर मोठ्या धमनीतल्या चरबीचे कण सुटून पायाच्या बोटांत अडकतात. बोट निळं पडतं, पण पावलाची नाडी लागत असते. नाडी लागते म्हणून ‘रक्तपुरवठा ठीक आहे’ असं समजून चालत नाही.

५. रक्त गोठण्याच्या यंत्रणेतला बिघाड. काहींच्या रक्तात गोठण्याला लगाम घालणारी प्रथिनं जन्मतःच कमी असतात, उदाहरणार्थ प्रोटीन सी आणि प्रोटीन एस. अशा माणसाला वॉरफॅरिन ही गोळी सुरू केली की पहिल्या काही दिवसांत मांडी, स्तन, पोट अशा चरबीच्या जागी कातडी काळी पडू शकते. मोठ्या जंतुसंसर्गात सगळं रक्तच एकदम गोठायला लागतं. लहान मुलाच्या अंगावर तापात जांभळे डाग पसरतात ते अनेकदा यामुळे. याच गटात ‘अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम’ येतो. आपल्या सुनेची गोष्ट इथली, तिच्याकडे परत येतेच.

६. लाल पेशींचं बूच. हा सिकलसेल. याला वेगळी जागा द्यायला हवी, कारण हा आपल्या घरातला प्रश्न आहे.

सिकलसेल: आपल्या घरातली गोष्ट

लाल पेशी गोल आणि लवचिक असते. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक नळीत अडकतात. हाडात अडकल्या तर असह्य दुखतं, लहान बाळाचे हात-पाय सुजतात. घोट्याच्या कातडीत अडकल्या तर तिथे जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. भारतातल्या सिकलसेलमध्ये अशा जखमा आफ्रिकेपेक्षा कमी दिसतात. पण कमी दिसतात म्हणूनच त्या चटकन ओळखल्या जात नाहीत.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये झाली. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातला अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यात तेव्हाच्या महार समाजात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आढळलं होतं. म्हणजे धर्मांतराच्या आसपासच्या काळापासून हे माहीत आहे. विदर्भातल्या बौद्ध घरांमध्ये आजही हा आजार ठळक आहे. आपल्या वस्त्यांत नागपूर, अमरावती, यवतमाळकडून कामाला आलेली कुटुंबं आहेत, तिकडून आलेल्या सुना आहेत, तिकडे दिलेल्या मुली आहेत.

हा काही जातीचा डाग नाही. ज्या भागात मलेरिया फार होता, तिथे सिकलसेलचा एकच जनुक असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून तो जनुक टिकला. तो ठरावीक समाजातच फिरत राहिला, कारण लग्नं जातीतल्या जातीत होत राहिली. जातीचा गाभा जातीअंतर्गत लग्नात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडलं होतं. रक्ताची तपासणी तेच वेगळ्या भाषेत सांगते.

हिशोब साधा आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात १०० पैकी २५ शक्यता आजारी बाळाची, ५० शक्यता वाहक बाळाची आणि २५ शक्यता पूर्ण निरोगी बाळाची. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, म्हणून त्याला कळतच नाही. पत्रिका बघण्याऐवजी ही एक तपासणी लग्नाआधी करा. मुलीची आणि मुलाची, दोघांची. फक्त मुलीची नाही.

तपासणी दोन पायऱ्यांची असते. पहिली ‘सोल्युबिलिटी’ तपासणी, स्वस्त आणि झटपट. ती सिकल आहे एवढंच सांगते, माणूस वाहक आहे की आजारी हे सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती फसूही शकते. दुसरी पायरी ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ किंवा ‘एचपीएलसी’. खरं उत्तर तिथे मिळतं. पहिल्या पायरीवर थांबू नका.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण शहरातल्या वस्तीत राहणाऱ्या बौद्ध कुटुंबाच्या दारात कोणी आपणहून येईल, अशी वाट बघत बसू नका. घरात कोणाला वारंवार हाडं दुखणं, कावीळ, रक्त कमी होणं असं असेल तर तपासणी आपण मागून घ्यायची.

निदान कसं करतात?

त्वचारोग विभागात गेल्यावर साधारण काय होतं, ते आधी माहीत असलं की भीती कमी होते.

पहिल्यांदा कातडीचा तुकडा, म्हणजे बायोप्सी. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" असं वस्तीत म्हणतात, ते खोटं आहे. तुकड्यातच कळतं की नळीची भिंत सुजली आहे की आत बूच आहे. तो नव्या डागाच्या कडेचा हवा, जुन्या मेलेल्या काळ्या भागाचा नको. नुसतं जाळं असेल तर जाळ्याच्या मधल्या फिक्या जागेचा आणि खालच्या चरबीपर्यंत खोल हवा. म्हणून डाग नवा असतानाच जायचं. महिनाभर ट्यूब लावून गेलं की तुकड्यात फक्त जखम दिसते, कारण दिसत नाही.

मग रक्त. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, काचेवर पेशी बघणं, गोठण्याचा वेळ, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, साखर. ताप असेल तर ब्लड कल्चर, झडपेची शंका असेल तर इको. डॉक्टर यातलं गरजेप्रमाणे निवडतात, सगळं सगळ्यांना लागत नाही.

क्रायोग्लोब्युलिनच्या तपासणीची एक गंमत सांगते, जी मला महागात पडली. या तपासणीचं रक्त काढल्यापासून प्रयोगशाळेत वेगळं करेपर्यंत अंगाएवढं गरम, म्हणजे ३७ अंशांवर ठेवावं लागतं. मी एका खाजगी रुग्णालयात नोकरीला असताना सवयीने ती नळी फ्रीजमध्ये ठेवली. प्रथिनं नळीतच थिजून खाली बसली आणि रिपोर्ट ‘काही नाही’ असा आला. रोग्याला पुन्हा रक्त द्यावं लागलं आणि आठवडा वाया गेला. म्हणून ही तपासणी सांगितली असेल तर नम्रपणे विचारा, "सिस्टर, हा नमुना गरम ठेवायचा ना?" कोणी रागावलं तर माझं नाव सांगा.

रक्त पातळ करणारं औषध आधीच सुरू असेल तर गोठण्याच्या काही तपासण्या फसतात. म्हणून कोणती गोळी, कोणतं इंजेक्शन, कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. रिकामी पाकिटं पिशवीत टाकून नेली तरी चालतील.

त्या सुनेचं काय झालं?

मी तिला घाटीत घेऊन गेले. सोबत सासूलाही नेलं, मुद्दाम. तुटक जाळं आणि तीन वेळा गेलेलं पोट ऐकल्यावर डॉक्टरांनी तीन तपासण्या लिहिल्या: लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमच्या तपासण्या आहेत. यात शरीर स्वतःच्याच विरुद्ध अशी द्रव्यं तयार करतं की रक्त नको तिथे गोठतं. कातडीत गोठलं तर जाळं आणि जखम. वारेत बिघाड झाला तर बाळ राहत नाही. मेंदूत गोठलं तर ऐन तारुण्यात अर्धांगवायू.

आणि तो ‘गुप्तरोगाचा’ रिपोर्ट? ती व्हीडीआरएल नावाची तपासणी होती. ती ज्या द्रव्यावर चालते, त्याच द्रव्याविरुद्ध या आजारात शरीर लढत असतं. त्यामुळे रोग नसतानाही ती ‘आहे’ असं दाखवू शकते. म्हणूनच व्हीडीआरएल आली की टीपीएचए ही दुसरी तपासणी करून खात्री करायची असते. तिची ती कोणी केलीच नव्हती. आता केली, आणि ती निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी हे सासूसमोर सांगितलं. सासू काही बोलली नाही. बाहेर आल्यावर तिने सुनेच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

या तपासण्या एकदा आल्या म्हणून निदान पक्कं होत नाही. साध्या जंतुसंसर्गानेही त्या थोड्या दिवसांसाठी वाढतात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात आणि दुसऱ्यांदाही आल्या तरच नाव पक्कं करतात. तिच्या दुसऱ्यांदाही आल्या. औषध सुरू झालं, जखम भरली. गरोदरपणात वॉरफॅरिन बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून पुढचं पोट डॉक्टरांना सांगून, ठरवून ठेवायचं आणि त्यात कमी मात्रेची ॲस्पिरिन व हेपॅरिनचं इंजेक्शन घ्यायचं असं ठरलं.

सलग तीनदा पोट गेलेली किंवा दहा आठवड्यांनंतर वाढणारं बाळ गेलेली बाई तुमच्या घरात, शेजारात असेल तर तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणण्याआधी या तपासण्या झाल्यात का, ते विचारा.

धावत जायची वेळ

यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करा.

तापासोबत अंगावर जांभळे डाग पसरत आहेत, मूल सुस्त पडलंय.

डाग काही तासांत काळा होतोय आणि डागाच्या मानाने दुखणं फार जास्त आहे.

पाय किंवा बोट एकदम गार, पांढरं किंवा निळं पडलं.

रक्त पातळ करणारं औषध नुकतंच सुरू झालंय आणि कातडी काळी पडतेय. अशा वेळी गोळी स्वतःच्या मनाने चालू-बंद करू नका, लगेच डॉक्टर गाठा.

सिकलसेलच्या रोग्याला छातीत दुखतंय, धाप लागतेय.

आणि हे करू नका. काळ्या-जांभळ्या डागाला शेक देऊ नका, तेल लावून चोळू नका, दोरा किंवा पट्टी घट्ट बांधू नका. मेडिकलमधून मिळणाऱ्या मिश्र ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, ती लावू नका. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांनी बारीक नळ्या आकसतात. तरुण बिडीवाल्यांची पायाची बोटं सडतात तो ‘बर्जर’ नावाचा आजार तंबाखू सोडल्याशिवाय थांबतच नाही.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, ते तो सांगेल. आणि डॉक्टरांना एकच प्रश्न नक्की विचारा: "साहेब, बूच कशाचं आहे?" त्याचं उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.

ती सून आता पुन्हा गरोदर आहे. सातवा महिना लागलाय. रोज पोटावर इंजेक्शन घ्यावं लागतं, ते द्यायला मी तिला शिकवलं. कॅलेंडरवर दिलेल्या इंजेक्शनवर फुली मारायचं काम सासूने घेतलंय. परवा गेले तेव्हा कॅलेंडर दाखवत म्हणाली, "एकबी दिवस चुकला नाही बघा, ताई."